जुनी ई-बाइक रेस दिली की का मरते? बॅटरी बदलण्याआधी करायची तपासणी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीपासून जुळे सोलापूरपर्यंत कमी वेगाच्या ई-बाइक पुष्कळ दिसतात. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून एमएच १३ ची पाटी लागत नाही. या गाड्या दोन-तीन वर्षांनी हात बदलतात आणि नव्या मालकाची तक्रार बहुधा एकच असते: "गाडी चालते, पण ताकद नाही. मध्येच बंद पडते." त्यावर दुकानातून उत्तरही ठरलेलं येतं: "बॅटरी गेली, नवीन टाका." बॅटरीचा संच हा गाडीतला सगळ्यात महाग भाग. तो बदलूनही गाडी तशीच बंद पडली तर पैसे पाण्यात जातात. कित्येकदा दोष असतो जळालेल्या एका लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) किंवा ब्रेकच्या छोट्या स्विचमध्ये. म्हणून आधी मोजायचं, मग बदलायचं. खालची सगळी तपासणी साध्या मल्टिमीटरवर होते.

इथले आकडे मुख्यतः ६० व्होल्टच्या, लेड-ॲसिड बॅटरीच्या गाडीसाठी आहेत, कारण जुन्या बाजारात याच जास्त. तुमची गाडी किती व्होल्टची ते सीटखालचे ब्लॉक, म्हणजे सुट्या बॅटऱ्या, मोजून कळतं. १२ व्होल्टचे चार ब्लॉक म्हणजे ४८, पाच म्हणजे ६०, सहा म्हणजे ७२. लिथियमची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येते.

आधी लक्षण नीट पकडा

गाडी बंद पडते त्या क्षणी डिस्प्ले आणि हेडलाइट चालू असतात का, हे पाहा. या एका उत्तरावर अर्धी तपासणी वाचते.

डिस्प्लेसकट सगळंच अंधारलं, तर बॅटरीपासून चावीपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी तुटलंय. एमसीबी (बॅटरीचा खटक्याचा मुख्य स्विच), मुख्य कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड), फ्यूज, चावीचा स्विच किंवा दोन ब्लॉकमधली जोडवायर. लिथियम असेल तर बीएमएसने (पॅकमधल्या संरक्षक सर्किटने) बॅटरी कापली असेल.

दिवे चालू आहेत पण चाक अजिबात फिरत नाही, तर ब्रेक स्विच, साइड स्टँडचा स्विच, पार्किंगचं बटण, रेस, हॉल सेन्सर (चाकाचा कोन सांगणारा, मोटरमधला) किंवा कंट्रोलर (मोटरला करंट पुरवणारा डबा).

रेस पिळली की बंद, चावी बंद-चालू केली की परत सुरू, आणि हळू चालवली तर चालत राहते, हे लोडखाली, म्हणजे मोटर करंट ओढत असताना, व्होल्टेज कोसळण्याचं लक्षण. बॅटरी किंवा जोड. सगळ्यात जास्त गाड्या या गटातल्या असतात.

सुटताना गाडी गुरगुरते, झटके देते, पायाने ढकलली की मात्र पळते, तर हॉल सेन्सर किंवा फेजची (कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या तीन जाड वायरींपैकी) एखादी वायर.

आणि बंद पडत नाही, फक्त वेग आणि पल्ला कमी झालाय, तर आधी चाक हाताने फिरवून पाहा. त्याचा भाग शेवटाकडे आहे, पण तो पाच मिनिटांत होतो, म्हणून खरं तर पहिल्यांदाच करून टाका.

हातात काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, ८ आणि १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, सहा स्क्वेअरच्या (चौरस मिलीमीटर) वायरला बसणारे रिंग लग, लग दाबायचं क्रिम्पिंग प्लायर, हीट श्रिंक स्लीव्ह. शिवाय मोटारगाडीच्या हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब. बल्ब कशाला ते पुढे कळेल.

पाच ब्लॉक एकामागे एक जोडल्यावर पूर्ण चार्जला ६४-६५ व्होल्ट डीसी होतं. घामेजल्या हाताला त्याचा झटका बसतो, आणि प्लस-मायनसमध्ये पाना आडवा पडला तर तो वितळेपर्यंत ठिणगी थांबत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. नट-बोल्टला हात लावण्याआधी एमसीबी खाली करा. पण एमसीबी पाडली तरी ब्लॉक जिवंतच असतात आणि कंट्रोलरच्या आतला कपॅसिटर काही मिनिटं व्होल्टेज धरून ठेवतो, हे विसरू नका. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट असतो. दर वेळी नजर टाका.

उभ्या गाडीचं व्होल्टेज आणि चालत्या गाडीचं

बहुतेक चुका इथे होतात. गाडी स्टँडला, मीटर लावला, ६३ व्होल्ट दाखवले, म्हणून "बॅटरी चांगली आहे" असा निकाल दिला जातो. खराब ब्लॉकही चार्जिंगनंतर, काही लोड नसताना, १२.६ व्होल्ट दाखवू शकतो. त्याची ताकद करंट ओढल्यावरच कळते.

तरीही सुरुवात उभ्या गाडीपासूनच करा. रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून किमान दोन तास थांबा, मग प्रत्येक ब्लॉकवर स्वतंत्र मोजा. निरोगी ब्लॉक १२.८ ते १३ च्या आसपास असतो. १२.२ म्हणजे साधारण निम्मा भरलेला. पाचातले चार १२.९ आणि एक १२.१ असेल तर गुन्हेगार जवळपास सापडला. एखादा १०.५-१०.८ वरच अडकला असेल तर त्याच्या सहा सेलपैकी एक सेल शॉर्ट झालाय. तो ब्लॉक कुठल्याही चार्जरने परत येत नाही.

आता लोडची परीक्षा. हॅलोजनच्या बल्बला तीन पाय असतात. दोन फिलामेंटचे पाय एकत्र जोडून एका वायरला आणि कॉमन पाय दुसऱ्या वायरला लावा. दोन्ही फिलामेंट मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. बल्ब विटेवर किंवा फरशीवर ठेवा, हाताला भाजेल इतका तापतो. एकावेळी एकाच ब्लॉकला जोडा आणि मीटर त्याच ब्लॉकच्या टर्मिनलवर धरा. चांगला ब्लॉक १५ मिनिटांनीही १२ च्या वर राहतो. कमकुवत ब्लॉक पहिल्या दोन-तीन मिनिटांतच ११ च्या खाली घसरतो. पाचही ब्लॉकची हीच परीक्षा घेऊन आकडे कागदावर लिहा. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर संच बिघडलेला समजा.

वेळ असेल तर त्यातल्या संशयित ब्लॉकची पूर्ण क्षमता मोजता येते. त्याला पूर्ण चार्ज करून बल्ब लावा आणि व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंतची वेळ घड्याळावर पाहा. तास गुणिले ९ म्हणजे उरलेले अँपिअर-तास. २० अँपिअर-तासांचा नवा ब्लॉक सुमारे दोन तास काढतो. ४० मिनिटांत आटोपला तर त्याच्यात ६ च उरलेत. १०.५ ला बल्ब लगेच काढा आणि ब्लॉक त्याच दिवशी चार्जिंगला लावा. रिकामा लेड-ॲसिड ब्लॉक दोन-चार दिवस तसाच राहिला तरी प्लेटवर सल्फेट घट्ट बसायला लागतं.

एकच ब्लॉक खराब असताना संपूर्ण गाडी का मरते? ब्लॉक एका माळेत आहेत, सगळ्यांतून तोच करंट जातो. कंट्रोलर एकेक ब्लॉक पाहत नाही, त्याला फक्त बेरीज दिसते. ६० व्होल्टच्या कंट्रोलरची कमी-व्होल्टेजची मर्यादा बहुधा ५२.५ च्या आसपास ठेवलेली असते, म्हणजे ब्लॉकमागे साडेदहा. ४८ च्या गाडीत ती ४२, ७२ च्या गाडीत सुमारे ६३. चार ब्लॉक लोडखाली ११.८ वर आणि पाचवा ५ वर आला की बेरीज ५२.२ होते आणि कंट्रोलर मोटर बंद करतो. मोटर बंद होताच करंट थांबतो, पाचवा ब्लॉक परत १२ दाखवायला लागतो, चावी फिरवली की गाडी सुरू. पुढच्या चढाला पुन्हा तेच. मालकाला वाटतं कंट्रोलर "गरम होऊन" बंद पडतोय.

गाडी चालवताना मोजणं

ब्लॉकची परीक्षा पास झाली तरी गाडी बंद पडत असेल तर मीटर हँडलवर आणायचा. ० ते १०० व्होल्टचा छोटा पॅनेल मीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याच्या वायरी कंट्रोलरच्या जाड लाल आणि काळ्या वायरीवर घ्या, प्लसच्या बाजूला उगमाजवळच १ अँपिअरचा फ्यूज टाका आणि वायरी हँडल वळताना अडकणार नाहीत अशा बांधा. सकाळी रहदारी नसताना एखाद्या पुलाचा चढ गाठा. सोलापूर शहर बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे चढ मुद्दाम शोधावा लागतो. नाहीतर मागे कुणाला बसवून थांबलेल्या जागेवरून पूर्ण रेस द्या.

पूर्ण चार्ज गाडीत ६४ वरून ५९-६० पर्यंत उतरणं ठीक. ५५ च्या खाली जाऊ लागलं तर काहीतरी चुकतंय. तोच चढ दुसऱ्यांदा चढा, पण आता मीटरच्या वायरी बॅटरीच्या पहिल्या प्लसवर आणि शेवटच्या मायनसवर घ्या. दोन्हीकडे सारखंच कोसळलं तर दोष बॅटरीत किंवा ब्लॉकमधल्या जोडवायरींत. बॅटरीवर ६०, पण कंट्रोलरवर ५४ असं आलं तर मधले ६ व्होल्ट कुठल्यातरी जोडात जळतायत. आणि दोन्हीकडे व्होल्टेज टिकूनही जोर गेला, तर बॅटरी सोडा, पुढे रेस, हॉल सेन्सर आणि कंट्रोलरकडे वळा.

जोड: जिथे बोट लावलं की भाजतं

जुन्या गाडीत ही जागा सगळ्यात दुर्लक्षित आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त. म्हणून इथे घाई करू नका.

सुटताना किंवा चढावर कंट्रोलर २० अँपिअर सहज ओढतो. एखाद्या जोडात १ व्होल्ट जरी पडला, तरी तिथे २० वॅट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. प्लॅस्टिक मऊ होतं, पिन सैल होते, सैल पिनमुळे अजून तापतं. हे चक्र सुरू झालं की महिन्याभरात कपलर काळा पडतो. चढ चढून आल्याबरोबर एमसीबी पाडा आणि प्रत्येक जोडाच्या प्लॅस्टिकला किंवा इन्सुलेशनला बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करा, उघड्या धातूला नाही. जो जोड शेजारच्या वायरीपेक्षा स्पष्ट गरम लागतो, तोच खोलायचा.

मीटरने पक्कं करायचं असेल तर गाडी लोडवर असताना एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे लावून वाचा. शक्यतो ०.१ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट दिसला की तो जोड बाद.

पाहायच्या जागा: पाच ब्लॉकमधल्या चार जोडवायरी आणि त्यांचे बोल्ट, बॅटरीपेटीचा मुख्य कपलर, एमसीबीचे दोन्ही स्क्रू, कंट्रोलरकडे जाणारी जाड जोडी, आणि मोटरच्या पिवळ्या-हिरव्या-निळ्या तीन फेज वायरींची टर्मिनल पट्टी. एमसीबीकडे विशेष लक्ष द्या. खटका वर असतो, सगळं ठीक दिसतं, पण आतले संपर्क ठिणग्यांनी खड्डे पडलेले असतात. लोडखाली तिच्या दोन टोकांवर ०.३ च्या वर आलं तर बदला, आणि बदलताना डीसीसाठी छापील रेटिंग असलेलीच घ्या. घरच्या बोर्डातली एसी एमसीबी इथे बसते, चालतेही, पण डीसीची ठिणगी तिच्याने विझत नाही. शॉर्टच्या वेळी तीच पेटते.

दुरुस्ती करताना काळवंडलेली वायर तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापा. काळ्या तांब्यावर लग दाबून उपयोग नाही, आतला ऑक्साइड तसाच राहतो. नवा रिंग लग क्रिम्पिंग प्लायरने दाबा, ओढून पाहा, वर हीट श्रिंक चढवा, स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट आवळा. पकडीने चेपलेला लग आणि पिळून टेप मारलेली वायर पहिल्या पावसापर्यंतसुद्धा टिकत नाही. नुसत्या सोल्डरवर जाड वायर सोडू नका. ती तापली की सोल्डर मऊ होतं आणि धक्क्याने सुटतं. वितळलेला कपलर साफ करून परत वापरायचा मोह टाळा, त्याच्या पिनेतली स्प्रिंग कायमची गेलेली असते.

बोअरच्या पाण्याने प्रेशरने गाडी धुणाऱ्यांच्या कपलरमध्ये पांढरा-हिरवा थर दिसतो. तो क्षार आणि गंजलेलं तांबं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. हेडलाइटच्या मागच्या आणि सीटखालच्या कपलरवर पाण्याचा फवारा सोडूच नका.

दिवे आहेत, चाक फिरत नाही

सोप्यापासून सुरू करा. डिस्प्लेवर पी दिसतोय का? बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्यावर ब्रेक दाबून पार्किंगचं बटण सोडावं लागतं, आणि जुन्या मालकाने हे सांगितलेलं नसतं. साइड स्टँड वर आहे का? रिमोटचा अलार्म लॉकमध्ये अडकलाय का? अलार्मचं यंत्र बिघडलं तर तेही मोटर अडवून धरतं. त्याचा कपलर काढून पाहा.

मग ब्रेक. ब्रेक दाबला की मोटर कापली जाते, त्यासाठी दोन्ही लिव्हरमध्ये छोटे स्विच असतात. ब्रेक न दाबता मागचा लाल दिवा पेटलेला राहत असेल तर स्विच अडकलाय. दोन्ही लिव्हरच्या बारीक वायरींचे कपलर एकेक करून काढा. काढताच गाडी फिरली, तर तो स्विच बदला. कपलर काढूनच गाडी वापरत राहणं धोक्याचं आहे, कारण मग ब्रेक मारताना रेस अर्धवट पिळलेली राहिली तर मोटर पुढे ढकलत राहते.

रेसच्या मुठीतून तीन वायरी येतात: लाल, काळी आणि बहुधा हिरवी. चावी चालू ठेवून, मागचं चाक मेन स्टँडवर अधांतरी ठेवून, कपलरमध्ये मागच्या बाजूने मीटरची टोकं घाला. लाल-काळ्यात साधारण ५ व्होल्ट हवेत. हिरव्या-काळ्यात मूठ सोडलेली असताना ०.८ ते १ आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या पुढे. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारतो, किंवा पूर्ण पिळूनही अडीचवर थांबतो, तर मुठीतला चुंबक किंवा सेन्सर गेलाय. वेग कमी झाल्याची तक्रार कधीकधी एवढ्यावरच मिटते. मूठ सोडलेली असतानाच आकडा मोठा असेल तर कंट्रोलर सुरक्षेसाठी गाडी सुरूच होऊ देत नाही.

लाल वायरीवर ५ व्होल्टच नसतील तर लगेच कंट्रोलरला दोष देऊ नका. हीच ५ व्होल्टची लाइन मोटरच्या हॉल सेन्सरलाही जाते. हॉलचा कपलर काढा. ५ व्होल्ट परत आले तर शॉर्ट मोटरच्या बाजूला आहे. नाही आले तर चावीवरून कंट्रोलरला येणाऱ्या बारीक वायरीवर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज येतंय का ते पाहा. तेही येत असेल तरच कंट्रोलर खराब.

झटके, गुरगुर आणि पंक्चरनंतरचा बिघाड

हब मोटरमध्ये, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटरमध्ये, तीन हॉल सेन्सर असतात, चाक कुठल्या कोनात आहे हे ते कंट्रोलरला सांगतात. बारीक पाच वायरींचा कपलर शोधा: लाल-काळी पुरवठा, पिवळी-हिरवी-निळी सिग्नल. चावी चालू ठेवून मीटर काळीवर आणि एका सिग्नलवर धरा आणि चाक हाताने अगदी हळू फिरवा. आकडा ० आणि ४-५ च्या मध्ये उड्या मारत राहिला पाहिजे. तिघांचं असंच करा. जो एकाच आकड्यावर बसून राहतो तो गेला. बदलायचे तर तिन्ही एकदम बदला. मोटर उघडण्याचं काम एकच असतं, दुसरा सेन्सर दोन महिन्यांनी गेला तर ते पुन्हा करावं लागतं.

पण मोटर उघडण्याआधी ॲक्सलपाशी वाका. वायरी जिथून ॲक्सलच्या भोकातून बाहेर येतात तिथे त्या चिरडलेल्या असतात, विशेषतः मागचं पंक्चर काढून आणल्यावर. चाक परत बसवताना खाचेचा वॉशर विसरला किंवा नट सैल राहिला, तर पूर्ण रेसला ॲक्सलच फिरतो आणि वायरी पिळवटून तुटतात. जुनी गाडी विकत घेताना हा वॉशर दोन्ही बाजूंना आहे का ते अवश्य पाहा. पंक्चरच्या दुकानात चाक काढण्याआधी फेज आणि हॉलचे कपलर सोडून द्यायला सांगा.

जाड फेज वायरींपैकी एक तुटली तरी गाडी गुरगुरते आणि जोर धरत नाही. चाक हाताने जड, अडखळत फिरतंय का? एमसीबी पाडून तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आता चाक हलकं झालं तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. तसंच जड राहिलं तर वायरी किंवा वाइंडिंग (मोटरमधली तांब्याची गुंडाळी) आपसात शॉर्ट. कंट्रोलर पक्का करायला मीटर डायोडवर ठेवा: काळं टोक बॅटरीकडच्या प्लस वायरीवर, लाल टोक एकेका फेजवर. मग लाल टोक मायनसवर, काळं एकेका फेजवर. सहाही वेळा ०.४ ते ०.६ च्या आसपास सारखा आकडा हवा. शून्य आला तिथे मॉस्फेट गेला. ही चाचणी बॅटरी पूर्ण सोडून, दहा मिनिटं थांबून मगच.

वाइंडिंग जळाली असेल तर पूर्व भागात यंत्रमागाच्या मोटारी भरणारे कारागीर आहेत. थ्री फेज त्यांच्या हातचं काम आहे. हॉल सेन्सरची जागा मात्र एक मिलीमीटरही हलवायची नाही, हे आधी सांगून ठेवा.

कंट्रोलर नवा टाकलात आणि चाक उलटं फिरलं किंवा थरथरलं, तर घाबरू नका. बहुतेक कंट्रोलरला दोन सुट्या पांढऱ्या वायरी असतात. चाक अधांतरी ठेवून त्या जोडायच्या, चावी चालू करायची, चाक स्वतः फिरायला लागतं. उलटं फिरलं तर वायरी सोडून पुन्हा जोडायच्या. नीट फिरलं की त्या सोडून टोकं वेगवेगळी इन्सुलेट करा. याच घोळक्यात वेग मर्यादेचीही एक वायर असते, आणि विकणारा कधीकधी ती कापून "गाडी पळवून" दाखवतो. अशी गाडी ताशी २५ च्या वर गेली की नोंदणीची सवलत संपते, आणि जादा करंटमुळे वरचे सगळे जोड आणखी लवकर जळतात. ती जोडणी पूर्ववत करा.

चाक जड, हवा कमी

मेन स्टँडवर मागचं चाक फिरवा. मोटरच्या चुंबकांमुळे किंचित अडखळ असतेच, पण चाक दोन-तीन फेरे तरी घेतलं पाहिजे. ड्रम ब्रेकचे शू घासत असतील तर ब्रेकच्या दांडीवरचा नट एक-दीड फेरा सैल करा. टायरवर छापलेल्या दाबाइतकी हवा भरा. फक्त २५० वॅटच्या मोटरला बसलेला टायर आणि घासणारा ब्रेक खूप महाग पडतात.

चार्जर आणि सोलापूरचा उन्हाळा

चार्जरही तपासा, कारण अर्धवट भरलेली चांगली बॅटरी खराब बॅटरीसारखीच वागते. ६० व्होल्टच्या लेड-ॲसिड चार्जरने चार्जिंगच्या शेवटी ७३-७४ पर्यंत जाऊन मग सुमारे ६९ वर उतरायला हवं. ७० च्या पुढेच जात नसेल तर ब्लॉक कधीच पूर्ण भरत नाहीत. हिरवा दिवा कधीच लागत नसेल आणि ब्लॉक हाताला गरम लागत असतील तर ते जादा चार्ज होऊन आतलं पाणी उडतंय. कारखान्याच्या शेडमध्ये चार्जिंग करणाऱ्यांनी चार्जरचा पंखा दर महिन्याला ब्रशने साफ करावा. सुताचे बारीक तंतू जाळीत बसून पंखा थांबवतात आणि आतले भाग तापून व्होल्टेज बिघडतं.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला जातो. उन्हात उभ्या गाडीची बॅटरीपेटी त्याहून तापते. दुपारी आल्या-आल्या चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर थांबा, किंवा सरळ पहाटे लावा. चार्जिंग जिन्याखाली किंवा घराच्या एकुलत्या दाराच्या वाटेत करू नका.

लिथियम असेल तर

एनएमसी आणि एलएफपी हे लिथियम सेलचे दोन प्रकार. चार्जरवर छापलेला आकडा पॅकची ओळख सांगतो. ६७.२ म्हणजे १६ सेलची एनएमसी, ७३ म्हणजे २० सेलची एलएफपी, ५४.६ म्हणजे १३ सेलची एनएमसी. पूर्ण चार्ज झाल्यावर एनएमसी पॅकवर जवळपास तोच आकडा यायला हवा. एनएमसी ६७.२ ऐवजी ६५ वरच थांबत असेल तर सेलचा एक गट इतरांच्या आधी भरतोय आणि बीएमएस चार्जिंग तोडतोय. लोडखाली बहुधा तोच गट आधी रिकामा होतो आणि गाडी डिस्प्लेसकट अंधारते. पॅकच्या मुख्य कपलरवर व्होल्टेज गायब, पण चार्जर लावताच परत आलं, तर बीएमएसने कापलं होतं.

पॅक घरी उघडू नका. बीएमएसला बगल देऊन थेट वायर जोडून देणारे आहेत, त्यांना नाही म्हणा. आग लागण्याचा तो सरळ रस्ता आहे. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला कधीही लावायचा नाही, पिन बसली तरी. फुगलेला, गोडसर वास येणारा किंवा एका बाजूला तापणारा पॅक चार्ज न करता उघड्यावर, घरापासून दूर ठेवा.

ब्लॉक बदलायचेच असतील

एकच खराब निघाला आणि बाकीचे वर्षाच्या आतले असतील, तर त्याच कंपनीचा, त्याच अँपिअर-तासांचा एक टाकून चालतं. नवा ब्लॉक आधी स्वतंत्र १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरा, जुने चारही भरा, मग माळेत घाला. बाकीचे दीड-दोन वर्षांचे असतील तर पाचही बदला, कारण जुन्यांसोबत राहून नवा ब्लॉकही लवकर खराब होतो. पाचही एकाच महिन्यात बनलेले घ्या, तारीख किंवा बॅच क्रमांक ब्लॉकवर कोरलेला किंवा छापलेला असतो. दुकानात उभ्या-उभ्या पाचही मोजून घ्या: १२.७ च्या खालचा ब्लॉक परत द्या, तो गोदामात पडून राहिलाय. जुने ब्लॉक दुकानदारालाच द्या, शिशाच्या वजनावर पैसे वजा होतात. २० अँपिअर-तासांचा एक ब्लॉक साधारण पावणेसात किलो भरतो, तेव्हा पाचांचे वजन काट्यावर स्वतः पाहून घ्या.